विनचे डोळे

ट्रॅमच्या थांब्यावरच्या पाटीवर तीन मिनिटांची दोन झाली आणि दोनाचं एक कधी होतं याची मी वाट बघत होतो, तेवढ्यात शेजारच्या बाईचा पाय फुटपाथच्या कडेवरून घसरला. ती माझ्या कोपराला लागूनच उभी होती, हातात कांद्यांची पिशवी घेऊन, आणि मला ती दिसली नव्हती. पडता पडता तिनं माझी बाही धरली, सगळा भार त्या बाहीवर टाकला आणि सावरल्यावर म्हणाली, "बरा उभा आहेस रे खांबासारखा. माणसानं इकडेतिकडे बघत जावं जरा." मी सॉरी म्हणालो. ट्रॅम आली, ती चढली, दारं लागली आणि मी खालीच राहिलो. बुधवारची संध्याकाळ, पावणेसहा, शेफील्डमध्ये सगळ्यांना घरी जायची घाई. माझी बाही ताणून सैल झाली होती. दहा महिन्यांपूर्वी, ऑगस्टात, स्केल्बीच्या ट्रॅकवर टॅनरी नावाच्या वळणात असंच झालं होतं. तेव्हाही मी आकड्याकडेच बघत होतो.

पुढची ट्रॅम सोडली, त्यापुढचीही सोडली आणि चालत निघालो. उद्या गुरुवार, उद्या स्केल्बी, आणि उद्या मला ट्रॅकवर शिकवणारी विन ओल्ड्रॉइड तिची मोटारसायकल मला देणार होती. विकत नाही, तशीच. रविवारी तिचा फोन आला होता. "नेव्हिल, माझं झालं आता. डोळे गेले माझे. दिसतं सगळं, पण वेळेवर दिसत नाही, कळलं का? गाडी गॅरेजात बघवत नाही मला. दुसऱ्या कुणाला दिली तर तो तिचं वाटोळं करेल. तू घेऊन जा." मी म्हणालो, "विन, असं काय करतेस." "करतेय ते करतेय. गुरुवारी व्हॅन रिकामी आण." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. अडुसष्ट वर्षांची बाई. त्यातली पन्नास वर्षं दोन चाकांवर गेलेली. आणि तिचे डोळे गेले नव्हते, हे सगळ्या इंग्लंडात फक्त मला ठाऊक होतं.

ट्रॅक डेला, म्हणजे पैसे भरून आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, घड्याळ लावायचं नाही हा नियम आहे. ही शर्यत नव्हे, सराव आहे. शर्यत म्हटली की विमा हात वर करतो. म्हणून रॉडनी पॅशली, जो स्केल्बीचे ते दिवस भरवतो, दर सकाळी दुधाच्या क्रेटवर उभा राहून ओरडतो, "कुणाच्या गाडीवर घड्याळ दिसलं, की मनगटावरची पट्टी कापून थेट घरी!" आम्ही सगळे देवळात बसल्यासारख्या माना डोलावतो. आणि दुपारी सॉसेजचं सँडविच खाताना प्रत्येकाला आपली फेरी दशांशासकट पाठ असते. कुणाचा फोन सीटखाली, कुणाचं काय टाकीच्या टोपणाआड. तोंडानं मात्र कुणी आकडा काढायचा नाही. "आज अंग हलकं वाटलं" असं कुणी म्हणालं, की समजायचं, सेकंदभर कमी झाला. "टायर बरे लागलेत" म्हणाला, तर दोन. चाळिशी-पन्नाशीचे बापे हे, कुणी प्लंबर, कुणी मुख्याध्यापक, आणि चोरून सिगारेट ओढणाऱ्या शाळकरी पोरांचा आनंद त्यांच्या तोंडावर. माझं घड्याळ आगपेटीएवढं होतं. हँडलच्या मधोमध काळ्या टेपनं चिकटवलेलं. चालू फेरी मागच्या सर्वांत चांगल्या फेरीच्या पुढे आहे की मागे, ते ते क्षणोक्षणी दाखवायचं. पुढे असलो की हिरवं, मागे पडलो की लाल.

विनच्या हाती मी पडलो तेव्हा माझी फेरी दोन मिनिटं पंधरा सेकंदांची होती आणि वय अठ्ठेचाळीस. मी म्हणजे ओंडका होतो. गाडीवर बसलो की हात असे आवळायचो, की संध्याकाळी चहाचा कप उचलता यायचा नाही. पहिल्या दिवशी ती माझ्या मागून तीन फेऱ्या आली, मग पुढे जाऊन स्वतःच्या सीटवर थापटलं, म्हणजे माझ्या मागे ये. पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, आल्यावर हेल्मेट काढून म्हणाली, "तू गाडी चालवत नाहीस राजा, तिच्या गळ्यात पडून रडतोयस. श्वास घेऊ दे तिला." मग सरळ रस्त्यावर कोपरं कोंबडीसारखी फडफडवायला लावली. शंभर मैलांच्या वेगात मी कोंबडी झालेलो सगळ्यांनी पाहिलं, आणि अजून काही जण मला बघून कुकुच करतात. पण कोपरं सुटली. मग तिनं डोळे धरले. "कुठे बघतोस? चाकापुढे? चाकापुढे काय नाणं पडलंय? वर बघ. जिथं जायचंय तिथं बघ, बाकीचं गाडी बघून घेते." टॅनरीला चढ आहे, वळणाचा शेवट दिसतच नाही, तिथं काय बघायचं, असं मी विचारलं तर मला चालत घेऊन गेली, जेवणाच्या सुट्टीत, ट्रॅक बंद असताना, आणि चढाखाली उभं करून बोट दाखवलं. कुंपणापलीकडे एक ॲशचं झाड. "त्याच्या डाव्या फांदीकडे बघायचं. रस्ता दिसत नसला तरी फांदी दिसते ना? रस्ता तिच्या खालीच आहे. पन्नास वर्षांत हलला नाहीये." दोन हंगामांत मी दोन पंधरावरून एक चौपन्नावर आलो. ते तिनं कधी घड्याळावर मोजलं नाही. माझ्या खांद्यांकडे बघून ती सांगायची.

हे सगळं लिहिताना मला तिचे उपकार वाटतात ते फक्त ट्रॅकपुरते नाहीत. मी रुग्णालयाच्या तळमजल्यावर प्लास्टर घालतो, प्लास्टर काढतो, सत्तावीस वर्षं. मोडलेलं मनगट धरताना माझ्या हाताला नेहमी घाई असायची; पोरं रडायची आणि मी आणखी घट्ट धरायचो. विनच्या पहिल्या उन्हाळ्यानंतर कधीतरी आमची नर्स म्हणाली, "नेव्ह, हल्ली तुझ्याकडे पोरं रडत नाहीत, काय जादू केलीस?" मी जादू काय करणार. हात सोडून धरायचं शिकलो होतो, एवढंच. घरीही कपाट आपटायचं थांबलं, फोनवर भावाशी भांडणं थांबली. मी कुठून शिकलो हे मला नीट माहीत होतं आणि तिला एकदा सांगायचंही होतं. पण माणूस घड्याळ विकत घेतो.

ते घेतलं गेल्या जुलैत. एक चौपन्नावर मी अडकलो होतो आणि विन म्हणायची, "घाई काय आहे? येईल." मला ते 'येईल' मोजून हवं होतं. ऑगस्टात त्या दिवशी दुपारी आधीची फेरी एक त्रेपन्न पॉइंट एक झाली, आणि पुढच्या फेरीला टॅनरीच्या आधी मला नजरेच्या खालच्या कडेला हिरवं दिसलं. किती पुढे, एवढंच बघायला डोळे खाली गेले. अर्धा सेकंद. चार दशांश पुढे होतो. डोळे वर केले तेव्हा झाड भलतीकडे होतं, गाडी बाहेर बाहेर चालली होती, आणि मी वळणाच्या ऐन मध्यात वेगाची मूठ सोडून ब्रेक दाबला. तिनं शिकवलेल्या गोष्टींपैकी एकही नाही, सगळ्याच्या उलट. गाडी ताठ उभी राहिली आणि रस्ता आडवा ओलांडून गेली. मी पडलो नाही. विन माझ्या मागे होती, माझे खांदे बघत; माझ्या अंगावर येऊ नये म्हणून ती रस्ता सोडून गवतात गेली, गवतातून वाळूत, आणि तिची गाडी दोनदा उलटली. मी थांबलो, उतरलो, आणि धावत तिच्याकडे जायच्या आधी मी काय केलं? टेप ओरबाडली आणि घड्याळ चामड्याच्या सूटच्या आत घातलं. हात थरथरत नव्हते. त्याची मला अजून लाज वाटते.

"काय झालं?" रॉडनीनं विचारलं. "मागचं चाक सरकलं," मी म्हणालो. चाक कुणाचंही सरकतं. ट्रॅकवर पुढच्याचं काहीही होवो, अंतर ठेवायची जबाबदारी मागच्याची, हा दुसरा नियम. आणि मागचा जर शिकवणारा असेल तर विचारायलाच नको. विननं स्ट्रेचरवर पडल्या पडल्या अपघाताच्या फॉर्मवर लिहून दिलं: मी फार जवळ होते, वेळेत दिसलं नाही, चूक माझी. रॉडनीनं तिचं निळं जाकीट, शिकवणाऱ्यांचं, परत घेतलं. घोट्यात सहा स्क्रू बसले. आणि ती शेफील्डची असल्यामुळे ऑक्टोबरात प्लास्टर काढायला माझ्याच टेबलावर आली. मी करवत चालू केली. तिच्या आवाजात बोलता येत नाही, आणि मी त्या करवतीचे मनातल्या मनात आभार मानत होतो. पण विन करवतीवरून ओरडली, "चूक माझीच होती रे! तू मनाला लावून घेऊ नकोस!" आणि मी मान हलवली. हो म्हटल्यासारखी. प्लास्टरमधून तिचा पाय निघाला, बारीक, पांढरा, अंधारात फुटलेल्या कोंबासारखा, आणि मी तो कोमट पाण्यानं धुतला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. ती म्हणाली, "हात सुधारलेत तुझे." तेव्हा सांगायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो आणि तिला मोजे चढवायला मदत केली.

एप्रिलपासून ती स्केल्बीला नावं लिहून घ्यायच्या टेबलावर बसते. गुरुवारी सकाळी साडेसातला मी रांगेत उभा राहिलो, तेव्हा तिच्यामागे तिची व्हॅन उघडी होती आणि आत ती लाल गाडी, धुऊन पुसून, पट्ट्यांनी बांधलेली. माझ्या मनगटावर पिवळी कागदी पट्टी चिकटवत ती म्हणाली, "मधला गट. तोंड का उतरलंय? फुकट गाडी मिळणाऱ्याचं तोंड असं असतं?" "झोप नाही झाली," मी म्हणालो. "चल, पहिल्या फेऱ्या मारून ये, मग चढवू तुझ्या व्हॅनमध्ये. मला ती ट्रॅकवर आज बघायची नाही. घरी नेऊन मग काय ते कर." टायर तापवायच्या विजेच्या गोधड्या काढल्या, हातमोजे घातले. घड्याळ माझ्या जेवणाच्या डब्यात होतं. का आणलं होतं, हे तोपर्यंत मला नीटसं ठाऊक नव्हतं. घरून निघताना फळीवरून उचललं आणि डब्यात टाकलं, एवढंच.

पहिल्या तीन फेऱ्या शिकवणाऱ्याच्या मागे, ओळीनं, कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. जूनचं ऊन, रस्ता अजून गार. दहा महिन्यांत मी टॅनरीतून गेलो नव्हतो. दोनदा दिवसाचे पैसे भरले आणि दोनदा पाठदुखीचं निमित्त काढलं. पहिल्या फेरीला वळण आलं तेव्हा हात ओंडक्याचे झाले. दुसरीला मी सरळ रस्त्यावर कोपरं फडफडवली, कोण हसतं ते हसू दे म्हणून, आणि खांदे खाली आले. तिसरीला ब्रेक वेळेवर सोडला, डोळे वर केले, आणि झाड तिथंच होतं. डावी फांदी. मी तिच्याकडे बघितलं आणि बाकी काही केलं नाही. गाडी आपण होऊन झुकली, चढ चढली, आणि न दिसणारा रस्ता फांदीखाली उलगडला. किती सेकंद लागले कुणास ठाऊक. इतकं नीट त्या वळणातून मी कधीच गेलो नव्हतो. हेल्मेटमध्ये मला रडू आलं, मोठ्यानं, बरगड्या दुखेपर्यंत. हे डोळे तिचे होते. मला बघायला शिकवून तिनं दिले होते, आणि मी त्याच डोळ्यांवरचा तिचा विश्वास काढून घेतला होता. तिला गाडी सोडायला लावून मी तिचीच गाडी घरी नेणार होतो. मी डावा हात वर केला आणि सत्र संपायच्या आत पिटमध्ये शिरलो.

टेबलापाशी चार-पाच जण होते, नवशिक्यांच्या गटातले, केशरी जाकिटं घातलेले. मी डबा उघडला, सँडविचखालून घड्याळ काढलं आणि तिच्यासमोर यादीवर ठेवलं. टेपचा चिकटा अजून होता त्याला. "हे माझ्या गाडीवर होतं," मी म्हणालो. "ऑगस्टात. चाक सरकलं नव्हतं. मी खाली बघितलं, याच्याकडे, आणि मग घाबरून मधेच ब्रेक मारला. तू लांबच होतीस विन. तू बरोबर अंतरावर होतीस. कुणालाच थांबता आलं नसतं."

तिनं ते उचललं, उलटंपालटं केलं. "किती होतं?"

"चार दशांश. पुढे होतो."

"चार दशांश," ती म्हणाली. ट्रॅकवरून गाड्या गेल्या, एकामागून एक. "मी चष्मेवाल्याकडे गेले," ती म्हणाली, आवाज न चढवता. "तीनदा गेले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, बाई, तुमचे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत, तुम्हाला नेमकं काय हवंय? मी त्याला म्हटलं, नीट बघ, काहीतरी असलंच पाहिजे. जिन्यावरून उतरताना मी कठडा धरते नेव्हिल. नातवाला गाडीतून शाळेत सोडत नाही. मला वाटलं, असंच होतं म्हातारपण, एका दुपारी येतं." तिचे हात टेबलावर होते आणि मला ते धरावेसे वाटले, पण तेवढा माझा हक्क राहिला नव्हता. "दहा महिने! आणि माझा पाय धूत होतास तू!" आता आवाज चढला होता. केशरी जाकीटवाले दोन पावलं मागे सरकले. "तोंड शिवलं होतं का तुझं?"

"हो," मी म्हणालो.

तिनं खणातून कात्री काढली. मी न सांगता मनगट पुढे केलं आणि तिनं पिवळी पट्टी कापली. नियम म्हणजे नियम. तिनं मला त्यातून वगळलं असतं तर मला तिथं उभं राहवलं नसतं. मग घड्याळ हातात घेऊन लंगडत रॉडनीकडे गेली, मी मागोमाग, आणि मी ते सगळं पुन्हा एकदा सांगितलं. रॉडनी लाल झाला, मग पांढरा झाला, मग म्हणाला, "या वर्षी तुझं थोबाड मला इथं दिसता कामा नये." विन म्हणाली, "ते तुम्ही नंतर बघा. माझं जाकीट दे."

"विन, अगं पाय... डॉक्टरचं काही पत्रबित्र लागेल."

"चष्मेवाल्याची तीन आहेत. कुठलं हवं?"

सूट तिच्या व्हॅनमध्येच होता. मला द्यायला आणला होता की कुणाला, मी विचारलं नाही. बूट घोट्यापाशी अडला. मी सवयीनं वाकलो. "हात लावू नकोस," ती म्हणाली, आणि मी सरळ झालो. तिनं दात आवळून तो स्वतः चढवला. गाडी उतरवायला रॉडनी आणि मुख्याध्यापक धावले, मला कुणी बोलावलं नाही. नवशिक्यांचं सत्र निघालं तेव्हा ती ओळीच्या पुढे होती, निळं जाकीट वाऱ्यानं फुगलेलं, मागे सहा केशरी, बदकीमागच्या पिलांसारखी. घरी जायला सांगितलं होतं, पण पिटच्या भिंतीपाशी उभं राहायला पट्टी लागत नाही. तिथून टॅनरीचा चढ दिसतो. पहिल्या फेरीला ती चढावर फार हळू होती आणि मी भिंत घट्ट धरली. दुसऱ्या फेरीला तिचं हेल्मेट वर झालं, बोटभर, आणि मला कळलं की तिला फांदी दिसली. तिसरीला ती सहाही जणांना घेऊन त्या चढावरून अशी वाहत गेली, की शेजारी उभ्या असलेल्या माणसानं चहा प्यायचं थांबवलं. मी मोजत नव्हतो. मला आयुष्यात कुणाचे इतके आभार मानावेसे वाटले नव्हते, आणि कुणाचे ते नीट सांगता आलं नसतं. तिचे तर होतेच, पण तो चष्मेवाला, ती थांब्यावरची बाई, ज्या कुणी तो रस्ता तिथं आखला तो, सगळ्यांचे.

वीस मिनिटांनी ते आत आले. पोरं थांबली, पाय टेकले, एकमेकांशी ओरडून बोलायला लागली. ती पिटच्या रस्त्यानं सरळ भिंतीपाशी आली, माझ्यासमोर, गाडी बंद केली आणि हेल्मेटची काच वर केली. घामानं केस कपाळाला चिकटले होते. मला वाटलं, आता उरलेलं बोलून घेईल, आणि मी तयार होतो. ती बराच वेळ माझ्या खांद्यांकडे बघत राहिली.

"आज टॅनरीला वारा डावीकडून आहे," ती म्हणाली. "चढावर आत ढकलतो. पुढच्या वर्षी येशील तेव्हा लक्षात ठेव."